दादासाहेबांच्या शुभहस्ते करवत

एकतीस वर्षं मी लाकूड कापायच्या मशिनी बसवल्या. विकल्या नाहीत, चालवल्या नाहीत, फक्त बसवल्या. लग्नाकार्यात आमचे मेव्हणे माझी ओळख "हे इंजिनियर आहेत" अशी करून द्यायचे. मग समोरचा माणूस त्याच्या पोराच्या ॲडमिशनचं विचारायचा आणि मला खरं सांगावं लागायचं. मी आयटीआयचा फिटर. शहरातल्या एका मशीनविक्रेत्याकडं नोकरी. गिऱ्हाइकानं मशीन घेतली की टेम्पोमागं मी जायचो, ती उतरवून घ्यायचो, बसवायचो, चालवून दाखवायचो. शेवटी एका फॉर्मवर दोघांच्या सह्या व्हायच्या. त्याला आम्ही ताबा-कागद म्हणायचो. त्यावर एक ओळ छापलेली असायची: 'मशीन सुरक्षित स्थितीत सुपूर्द केली.' शहराचं नाव बदललं तेव्हा फॉर्म नवे छापले, पण ती ओळ तशीच राहिली. गिऱ्हाइकं ती न वाचता सही करत. बरीच वर्षं मीही तेच करत होतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेबल सॉ म्हणजे एक लोखंडी टेबल. मधोमध फट. खाली मोटर, आणि फटीतून वर येणारं दातेरी गोल पातं. फळी टेबलावर ठेवायची आणि हातानं पुढं ढकलायची. पात्याला भेदभाव ठाऊक नाही. सागवान, प्लाय, शाल, माणूस, जे समोर येईल ते कापतं. त्यामुळं मशीन बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं नव्हे. पातं आणि माणूस यांची गाठ पडणार नाही अशी सोय करणं, हे खरं काम. आणि ही सोय लोकांना अडचण वाटते, हे एकतीस वर्षांतलं माझं मुख्य निरीक्षण आहे.

आता उस्मानपुऱ्याच्या प्रकाशशेठची गोष्ट. नाव बदललंय. रस्त्याच्या बाजूला त्यांचं फर्निचरचं शोरूम आणि मागच्या बोळात वर्कशॉप. माणूस चांगला. कामगार आजारी पडला तर स्वतः स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारा. एकच खोड. त्यांना कामापेक्षा कामाचा कार्यक्रम प्यारा. पाण्याची नवी टाकी बसवली तेव्हासुद्धा त्यांनी पाहुणे बोलावले होते म्हणतात.

मशीन उतरली त्या सकाळी मी पोचलो तर तिथं माझ्याआधी वास्तुतज्ज्ञ हजर होते. हातात होकायंत्र.

"यंत्राचं मुख पूर्वेला पाहिजे," ते म्हणाले.

"मुख कोणतं?" मी विचारलं.

त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि भुसा बाहेर पडायच्या नळकांड्याकडं बोट दाखवलं.

"सर, ती तिची दुसरी बाजू आहे," मी म्हणालो.

शेठ हसले नाहीत. नळकांडं पूर्वेला करायचं तर कारागिराच्या समोर चार फुटांवर भिंत येत होती. प्लायचा तक्ता आठ फुटी. तो कापायचा तर पात्याच्या अलीकडं आठ फूट जागा लागते आणि पलीकडंही आठ फूट. हे मी तोंडानं सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. मग एक अख्खा तक्ता शेठच्या हातात दिला आणि म्हटलं, कापतोय असं समजून पुढं चाला. शेठ चालले. तक्ता भिंतीला धडकला, शेठ तक्त्याला धडकले. वास्तुतज्ज्ञांनी थोडा विचार केला आणि विजेवरच्या यंत्रांना दिशादोष लागत नाही, असा निर्णय दिला. मशीन मोकळ्या बाजूला बसली.

मग पाणसळ लावून टेबल समपातळीत आणलं, पाय जमिनीत बोल्टनं पक्के केले. विजेच्या जोडणीसाठी शेठचा नेहमीचा वायरमन आला.

"अर्थिंग?" मी विचारलं.

"हाये की." त्यानं एक हिरवी वायर दाखवली.

मी त्या वायरला हात लावून भिंतीच्या कडेकडेनं चालत गेलो. वायर कपाटामागून गेली, वर चढली, आणि एका खिळ्याला गुंडाळून संपली. त्या खिळ्यावर कॅलेंडर टांगलं होतं. म्हणजे कॅलेंडरचा पक्का बंदोबस्त होता. मशीनमध्ये वीज उतरली असती तर ती जमिनीत जायच्याऐवजी, टेबलाला हात लावणाऱ्याच्या अंगातून गेली असती. मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणायला लावला, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरली. खड्डा खणायला आजचा दिवस चांगला आहे का, हे शेठनी तेवढ्यात फोनवर विचारून घेतलं.

पातं चढवायच्या आधी एक गोष्ट मी कधी चुकवत नसे. मोटर नुसती फिरवून ती कुठल्या बाजूला फिरते ते बघायचं. थ्री-फेजच्या तीन तारांतल्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आवाज तोच, वेग तोच, कळत काहीच नाही. सरळ फिरणारं पातं फळीला टेबलावर दाबून धरतं. उलटं फिरणारं पातं फळी खेचून पलीकडं फेकतं, आणि धरणाऱ्याचा हात फळीबरोबर जातो. त्यात पात्याचा नटही सैल व्हायची भीती. मी मोटर फिरवली. दिशा बरोबर होती. पातं चढवलं, आणि गार्ड लावलं.

गार्ड म्हणजे पात्यावरचं पारदर्शक झाकण. त्याच्यासोबत पात्याच्या मागं एक उभी पोलादी पट्टी येते. कापलेली फळी मागं जुळून पात्याला चिमटा घेते तेव्हा पातं ती कारागिराच्या पोटावर फेकतं. पट्टी तिला जुळूच देत नाही. हे मी ज्यांना समजावत होतो ते रशीदमिस्त्री. सिल्लोडचे, पन्नाशी उलटलेले, शेठच्या वर्कशॉपचे मुख्य कारागीर. करवतीपुढं तेच उभे राहणार होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, "साळवेसाब, ती टोपी काढून ठेवा."

"का?"

"रेघ दिसत नाय. रेघ नाय दिसली तर लाकूड वाकडं जातं, आन् नाव माझं खराब व्हतं."

"अहो, आरपार दिसतंय की."

"आज दिसतंय. उद्या भुसा बसला की ती पडदानशीन."

"फडकं मारायचं, मिस्त्री."

"फडकं मारत बसू का लाकूड कापू? तीस साल बिगर टोपीचं काम केलंय मी."

"तीस वर्षं तुम्ही इथंच बनवलेल्या करवतीवर काम केलं. ही तिच्या तिप्पट जोराची आहे."

"जोर तिच्यात हाये, अक्कल माझ्यात हाये," असं म्हणून ते चहाला गेले. चांगला कारागीर ही माझ्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. शिकाऊ माणूस घाबरतो आणि ऐकतो. उस्ताद ऐकत नाही, कारण त्याचं आजवर बरोबर आलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी उद्घाटन. अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त. मी नऊला पोचलो तर वर्कशॉपचा मांडव झालेला. खुर्च्या, झेंडूच्या माळा, साउंडवाला. मशीनला हळदकुंकू लागलं होतं. आणीबाणीत मशीन बंद करायचं लाल बटण असतं, त्याच्यावर कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. म्हणजे दृष्ट लागली असती तर मशीन वाचली असती. हात अडकला असता तर बटण लिंबाखाली शोधावं लागलं असतं.

"साळवे, या, या," शेठ म्हणाले. "रिबीन सगळेच कापतात. आपण नारळ कापायचा. मशीनवर. दादासाहेबांच्या हस्ते."

दादासाहेब म्हणजे तिथले पुढारी. मला वाटलं शेठ थट्टा करतायत. पण चौरंगावर एक सोललेला नारळ ठेवला होता आणि बाजूला शाल, भला मोठा हार आणि फेटा. करवतीच्या पुस्तिकेत एक यादी असते: लोंबते कपडे नकोत, गळ्यात काही नको, गोल वस्तू तर कधीच नको, कारण पातं तिला गरगर फिरवतं आणि तिच्याबरोबर धरणाऱ्याचे हात. शेठनी खरेदीला जाताना तीच यादी खिशात नेली होती की काय, असं वाटलं.

"शेठ, नारळ नाही कापता येणार. हात जाईल."

"दादासाहेबांना काय व्हत नाय. चार इलेक्शनं लढलेत ते."

"इलेक्शनला दात नसतात."

"आन् ती टोपी काढा. फोटोग्राफर म्हणतो, नारळ दिसत नाय."

मी नाही म्हणालो. शेठनी तिथूनच माझ्या मालकांना फोन लावला आणि मोबाईल माझ्या कानाशी धरला. मालक म्हणाले, "साळवे, पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे. गिऱ्हाईक मोठं आहे. ॲडजस्ट करा, नंतर लावा गार्ड." माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी "बरं" म्हणालो.

'नंतर लावा' हे शब्द मी आधीही ऐकले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी अजिंठ्याला एका माणसाकडं छोटी करवत बसवली होती. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तो लाकडी डब्या बनवायचा. त्यानं माझ्यासमोर गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाला, "सही करा साहेब, मी नंतर लावतो." माझी बस सुटायची होती. मी सही केली. महिन्याभरानं सर्व्हिसिंगला गेलो तर त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं. तीन बोटं गेली होती. त्यानं डाव्या हातानं मला चहा दिला. एका शब्दानं बोल लावला नाही. भिंतीवर ताबा-कागद फ्रेम करून लावलेला होता, माझ्या सहीसकट. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या कधीच विसरून गेलो असतो.

तर त्या सकाळी शेठ फेटेवाल्याकडं गेले तेवढ्यात मी मेन स्विच पाडला, टेबलावरची, फटीभोवतीची चौकट उचलली, पात्याचा नट सोडवला, पातं काढून गोणपाटात गुंडाळलं आणि माझ्या बॅगेत घातलं. गार्ड मागच्या पोलादी पट्टीसकट काढून ठेवलं. चौकट परत बसवली. वरून काहीच कळत नव्हतं, कारण पातं एरवीही टेबलाखाली उतरवूनच ठेवतात. मग लिंबू-मिरची सोडून बाजूच्या खिळ्याला अडकवली. पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच सुचलं होतं.

मान वर केली तर समोर रशीदमिस्त्री.

"पातं कुठं हाये?"

"बॅगेत."

आता ओरडतील, शेठना बोलावतील, असं मला वाटलं.

"मिस्त्री, गार्ड नको म्हणालात ना? मग तुम्ही तरी कापाल का नारळ, तसाच?"

"तोबा! मी करवतीला लाकूड देतो साब. नारळ नाय देत." ते चौरंगाकडं वळले. "पण मग कार्यक्रमात नारळ कापायचा कसा?"

"तेच मला कळेना."

त्यांनी चौरंगावरचा नारळ उचलला, भिंतीवरची हातकरवत काढली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. दहा मिनिटांनी आले तेव्हा नारळ अख्खा होता. निदान दिसत तरी होता. मधोमध कापून, पाणी काढून, दोन्ही भकलं जुळवून त्यांनी लाल धागा गुंडाळला होता आणि चिरेवर कुंकू फासलं होतं.

"निसरगाठ मारली," ते हळूच म्हणाले. "टोक मी ओढतो."

दादासाहेब दीड तास उशिरा आले. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण गुरुजींनी दुसरा काढून दिला. त्यांची गाडी बोळात शिरली आणि लाईट गेली. सगळे शेठकडं बघू लागले. साउंडवाल्याचा भाड्याचा मोठा जनरेटर दाराशी होताच. वायरमननं धावत जाऊन मशीनची केबल तिकडं जोडली.

"अरे, दिशा बघू दे आधी," मी ओरडलो.

"काका, साहेब आले! नंतर बघा!"

सत्कार झाला. फेटा, शाल, हार. दादासाहेब बोलले. या यंत्रामुळं तरुण हातांना काम मिळेल, असं त्या हातांना सगळ्यात धोक्याच्या जागी उभं राहून ते म्हणाले. मग हिरवं बटण दाबलं. मोटर घुमली. टाळ्या. रशीदमिस्त्रींनी दादासाहेबांच्या दोन्ही हातांत नारळ दिला आणि स्वतः शेजारी अदबीनं उभे राहिले. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला फोटोग्राफर वाकला होता आणि त्याच्याजवळ शेठच्या पत्नी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. दादासाहेबांनी नारळ फटीवरून सरकवला; पातं नारळाखाली असेल, असं सगळ्यांनी धरलं. धागा सुटला. दोन भकलं अलगद वेगळी झाली.

"वा!" दादासाहेबांनी कडेवर अंगठा फिरवला. "काय सफाई आहे! हाताच्या कामात ही सफाई कुठली येणार?"

मिस्त्रींनी मान लववली.

मी लाल बटण दाबलं. पेढे वाटणं सुरू झालं. मोटर हळूहळू मंदावत होती. मी सवयीनं फटीतून खाली पाहिलं. नुसता दांडा फिरताना दिसत होता, आणि तो उलटा फिरत होता. माझ्या कानाशी मिस्त्रींचा आवाज आला. ते नारळाचा तुकडा उचलायला वाकले होते.

"साळवेसाब. उलटी हाये."

ते उभे राहिले आणि टेबलाच्या पलीकडं बघू लागले. तिथं शेठच्या पत्नी ताट घेऊन अजून तशाच उभ्या होत्या.

पाहुणे गेल्यावर शेठ खुशीत म्हणाले, "मिस्त्री, आता एक फळी मारून दाखवा."

"पातं नाय, शेठ."

"पातं नाय म्हणजे?"

"साळवेसाबच्या बॅगेत हाये."

"मग दादासाहेबांनी कापलं काय?"

"काय नाय कापलं."

"अन् नारळ?"

"तो मी कापला. हातानं."

शेठचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी आधी माझ्या मालकांना फोन करून तक्रार नोंदवली, मग मला सुनावलं. साळवे, तुम्ही माझी चारचौघांत फसवणूक केली. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, जनरेटर अजून जोडलेलाच आहे, एकदा इथं या. त्यांना दादासाहेबांच्या जागी उभं केलं, मोटर चालू करून बंद केली आणि मंदावणारा दांडा दाखवला. दात कुठल्या बाजूला गेले असते ते बोटानं दाखवलं. नारळ कुठं गेला असता तेही दाखवलं.

शेठ माझ्या बोटाच्या दिशेनं बघत राहिले. मग प्लायच्या चळतीवर बसले.

"तिथं ही उभी होती," ते म्हणाले.

"व्हय," मिस्त्री म्हणाले.

मग शेठ म्हणाले, "हे दादासाहेबांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. आज नाव बदलून लिहितोय. शेठची तक्रार मात्र मालकांकडं आधीच पोचली होती आणि मला लेखी समज मिळाली: अपूर्ण मशीन दाखवून गिऱ्हाइकाची दिशाभूल केल्याबद्दल. शेठना ती मागं घ्यायची होती, पण मागं घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ती माझ्या फाईलमध्ये राहिली, आणि निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात तिचा उल्लेख मोठ्या मनानं टाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारा तपासल्या, फेज उलटे झाले तर मोटर सुरूच होऊ न देणारी एक डबी बसवली, पातं चढवलं. गार्ड हातात घेतलं तर मिस्त्रींनी ते माझ्याकडून घेतलं, आणि त्यांनीच बसवलं. दोन-तीनदा वरखाली करून बघितलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "फडकं कुठं ठेवायचं?"

पहिलं काम शेठनीच दिलं. दादासाहेबांचा नारळ कापतानाचा फोटो रातोरात मोठा करून आणला होता. त्याला फ्रेम पाहिजे होती. अशा रीतीनं त्या करवतीवर पहिलं लाकूड कापलं गेलं ते त्या करवतीवर काहीच न कापल्याच्या फोटोसाठी. फ्रेमच्या पट्ट्या अरुंद होत्या, हात पात्याच्या फार जवळ येत होता. मशीनसोबत प्लॅस्टिकची एक ढकलायची काठी येते, ती मी मिस्त्रींना दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून उलटीपालटी केली.

"हे काय अवजार हाये? हातात बसत नाय. काम करताना माणूस फेकून देईल."

त्यांनी सागवानाचा एक तुकडा घेतला आणि दुपारपर्यंत एक काठी केली. टोकाला फळी अडकवायची खाच, मागं मूठ, अंगठ्यासाठी खोलगट जागा. पॉलिश पेपरनं घासून इतकी गुळगुळीत केली की सोडवत नव्हती. ती त्यांच्याच हाताला बसायची, म्हणून वर्कशॉपमधल्या बाकी तिघांचे पंजे मोजून त्यांनी आणखी तीन केल्या आणि चारही करवतीशेजारी टांगल्या. ताबा-कागदावर त्या दिवशी मी आधी ती ओळ वाचली, मग सही केली. निघताना मिस्त्री म्हणाले, "हात द्या, साब." मला वाटलं निरोप देतायत. त्यांनी माझ्या पंजावर फूटपट्टी ठेवली.

पंधरा दिवसांनी माझी काठी आमच्या ऑफिसात आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. माझ्याकडं करवत नाही, कधी नव्हती. आमच्या हिनं ती स्वयंपाकघरात घेतलीय. माळ्यावरचे डबे तिच्या खाचेनं पुढं ओढते. डबा अंगावर पडू नये म्हणून आधी जरा बाजूला उभी राहते. हे तिला मी शिकवलेलं नाही.